गोठ्यातली गोचीड: औषध बोथट झालंय की आपली पद्धत?

कुळागरवाला (फोंडा)
मिरगाआधी हा विषय एकदा नीट मांडून घेऊया. आमच्या भागात बहुतेक गोठ्यांत अशी रीत आहे: साडेबारा मिलिग्रॅम प्रति मिलीचं डेल्टामेथ्रिन, १६ लिटरच्या पाठीवरच्या पंपात अडीच टोपणं, तीन संकरित गायींवर मिळून सहा लिटर पाणी आणि उरलेलं भिंतीवर. भिंतीला त्याच सकाळी चुना लावलेला असतो, म्हणजे दोन्ही कामं एका दिवसात उरकतात. चार-पाच दिवस गोचीड दिसत नाही. पंधराव्या दिवशी कानात, शेपटीच्या मुळाशी, कासेवर पुन्हा हजर. दुकानदार मग सायपरमेथ्रिन देतो, त्यानंतर फ्लुमेथ्रिन. फरक शून्य.

दोन गोष्टी विचारायच्यात. गोचीड औषधाला दाद देईनाशी झाली हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि औषधं फिरवायची तर कोणत्या क्रमाने?

बोंडू (सांगे)
लेबल बदललं, आत तोच. गोव्याच्या राजकारणात हे काय नवीन आहे का?

निवृत्त पशुवैद्य (डिचोली)
बोंडूबाबांचा विनोद नेमका लागू पडतो. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन ही तिन्ही एकाच कुटुंबातली, सिंथेटिक पायरेथ्रॉइड. गोचिडीच्या मज्जातंतूवर तिघंही एकाच जागी घाव घालतात. एकाला सरावलेली गोचीड बहुधा दुसऱ्यालाही सरावलेली असते, त्यामुळे या तिघांत केलेला बदल हा बदलच नव्हे. डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिनला न जुमानणारी गोचीड देशात कित्येक ठिकाणी नोंदली गेली आहे.

खरा बदल म्हणजे ॲमिट्राझ. साडेबारा टक्क्यांचं मिळतं, गुरांच्या अंगावर लिटरला २ मिली. घोड्यावर मात्र कधीच नाही, त्याला विषबाधा होते. तिसरा गट आयव्हरमेक्टिनचा. क्रम लावताना दर फवारणीला औषध बदलायचं नसतं. एक गट एक हंगाम पूर्ण वापरायचा, मग दुसरा. आज हे, पंधरवड्याने ते, असं केलं की गोचीड दोन्हींची तोंडओळख करून घेते.

पण औषधाआधी कॅलेंडर बघा. आपल्या गुरांवर सर्वात जास्त दिसते ती निळसर-करडी, फुगल्यावर एरंडाच्या बीसारखी दिसणारी गोचीड. ती पिल्लापासून भरलेल्या मादीपर्यंत सगळे दिवस एकाच जनावरावर काढते, साधारण २१ दिवस. मग मादी खाली पडते, फटीत दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. उबदार दमट हवेत तीन-चार आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात आणि रक्ताशिवाय दोन-तीन महिनेही तग धरतात. म्हणून एका फवारणीने काही संपत नाही. १५ दिवसांच्या अंतराने निदान चार वेळा लागते. दोन फवारण्यांत २१ दिवसांहून जास्त खंड पडला की मधली पिल्लं मादी होऊन, पोट भरून, पुन्हा तुमच्याच गोठ्यात अंडी घालतात.

सत्तरीकर (वाळपई)
डॉक्टरांनी फट म्हटलं. आपल्याकडे फट म्हणजे जांभा. चिऱ्याच्या प्रत्येक भोकात बोट जातं, आणि जिथे बोट जातं तिथे पन्नास गोचिडी बसतात. तपकिरी, पट्टेरी पायांची मोठी गोचीड तर भिंतीवर चढून सांध्यातच राहते. ती या जनावरावरून उतरते, कात टाकते, दुसऱ्यावर चढते. गाय कितीही धुवा, गव्हाणीमागची भिंत तशीच राहिली तर आठवड्यात सगळं परत.

गव्हाणीपासून पुरुषभर उंचीपर्यंत गिलावा करून घ्यावा, सिमेंट १ ला वाळू ४. जांभा पाणी पितो, म्हणून आदल्या संध्याकाळी आणि सकाळी भिंत पाण्याने भिजवायची. नाहीतर गिलावा वाळताना चिऱ्यापासून सुटतो आणि आत पोकळी राहते, म्हणजे गोचिडीला पक्कं घर बांधून दिल्यासारखं. गव्हाणीचा खालचा कोपरा आणि खुंट्याभोवतीची फट विसरू नका. तिथेच जास्त असतात.

गिलावा परवडत नसेल तर गॅसची ज्योत सांध्यांवरून फिरवावी. घाईने नाही, एका हाताच्या अंतराला दहा-बारा सेकंद. तडतड ऐकू आली की समजायचं आत होत्या. पण आधी पेंढा बाहेर, विजेची वायर बाजूला, पाण्याच्या दोन बादल्या जवळ. छप्पर चुडतांचं (माडाच्या झावळ्यांचं) असेल तर हा उद्योग करूच नका.

माणकुली (पेडणे)
रसायन दर पंधरवड्याला मारणं बरं वाटत नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या पारंपरिक पशुउपचारांत गोचिडीसाठी एक मिश्रण आहे: लसणाच्या १० पाकळ्या, कडुनिंबाचा पाला एक मूठ, निंबोण्या एक मूठ, वेखंड १० ग्रॅम, हळद २० ग्रॅम, घाणेरीचा पाला एक मूठ, तुळस एक मूठ. सगळं वाटून १ लिटर पाणी, फडक्यातून गाळून अंगावर आणि गोठ्याच्या फटींत फवारायचं. आठवड्यातून एकदा, उन्हाच्या वेळी. दोन-चार गुरांच्या गोठ्याला पुरे.

गोठा आणि गणित (डिचोली)
माणकुलीताई, दोन शंका. एक लिटरात एक वयस्क गाय भिजतच नाही, म्हणजे गायीमागे हेच प्रमाण तीन-चार पट करावं लागेल. आणि घाणेरी? ती गुरांच्या पोटात गेली की यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी सोलून निघते. गाय अंग चाटतेच.

माणकुली (पेडणे)
प्रमाण वाढवावं लागतं हे कबूल. घाणेरीबद्दलही हरकत नाही, पण एक मूठ पाला गाळलेल्या पाण्यात आणि पोटभर चरलेला पाला यात फरक आहे. तरी फवारणीआधी गुरांना पाणी पाजायचं आणि अंग वाळेपर्यंत तोंडाला मुसकं बांधायचं, हे रसायनालाही लागू आहेच की. तंबाखूचा काढा मात्र कुणी सुचवला तर ऐकू नका. निकोटिन कातडीतून आत जातं, लहान वासरू लाळ गाळत थरथरायला लागतं.

निवृत्त पशुवैद्य (डिचोली)
ताईंच्या शेवटच्या वाक्याखाली मी दोन रेघा मारतो. झाडपाल्याचं मिश्रण हलक्या प्रादुर्भावात, दर आठवड्याला नेमाने केलं तर उपयोगी आहे. जनावराच्या कानात बोट घातल्यावर द्राक्षाच्या घडासारख्या गोचिडी लागत असतील तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नये.

काजूबाग (काणकोण)
कोंबड्या सोडा गोठ्यात. फुकट मजूर.

गोठा आणि गणित (डिचोली)
कोंबड्या खालच्या गोचिडी टिपतात, खरं आहे. पण औषध मारलेल्या दिवशी त्यांना कोंडून ठेवा, नाहीतर मजूर मरेल.

नवखा दूधवाला (धारबांदोडा)
मला या चर्चेत आणखी एक विचारायचंय. गोचिडीने ताप येतो म्हणतात, पण कोणी सांगतं लघवी लाल होते, कोणी सांगतं गाठी येतात. एकच रोग का? आणि लाल लघवी दिसली की कुठलं इंजेक्शन?

निवृत्त पशुवैद्य (डिचोली)
एक नव्हे, मुख्यतः तीन. वेगळे ओळखणं महत्त्वाचं, कारण एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

थायलेरिओसिस, ज्याला आपण गोचीडताप म्हणतो. ताप १०५ ते १०७ फॅरनहाइट. खांद्याच्या पुढची गाठ सुजते: खांद्याच्या हाडापुढे बोटं खुपसून वर-खाली फिरवली की लिंबापासून नारिंगाएवढी लागते. मागच्या मांडीपुढची गाठही बघा. डोळ्यांतून पाणी, धाप, पुढे पापणीची आतली बाजू पांढुरकी-पिवळी. वासरांत डोळा बाहेर आल्यासारखा दिसतो. लघवी सहसा लाल नसते. औषध बुपारव्हाक्वोन, किलोला अडीच मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या औषधाचं २० किलोला १ मिली, मानेच्या स्नायूत खोल. एका जागी १० मिलीहून जास्त नको. गाठ सुजल्यापासून जितक्या लवकर तितकं बरं. रक्त संपल्यावर दिलं तर जंतू मरतो आणि गायही जाते.

बबेसिओसिस. ताप आणि कॉफीच्या रंगाची फेसाळ लघवी. गाठी नसतात. औषध डिमिनाझीन, किलोला साधारण साडेतीन मिलिग्रॅम.

ॲनाप्लाज्मोसिस. ताप, पांढरी मग पिवळी पापणी, बद्धकोष्ठ, आणि लघवी लाल नाही, कारण लाल पेशी रक्तात न फुटता प्लीहेत गाळल्या जातात. औषध ऑक्सिटेट्रासायक्लिन. हा रोग गोचिडीखेरीज चावऱ्या माश्यांनी आणि एकाच सुईनेही पसरतो. म्हणून वाड्यावर लस टोचताना दर जनावराला वेगळी सुई.

आता लाल लघवीचं. ताप नसेल, म्हैस किंवा गाय नुकतीच व्यालेली असेल, दूध भरपूर असेल, तर फॉस्फरसच्या कमतरतेने रक्तपेशी फुटतात; तिथे डिमिनाझीनचा काही उपयोग नाही. शिवाय लेप्टोस्पायरोसिसमध्येही लघवी लाल होते, आणि तो माणसाला होतो. म्हणून लाल लघवी उघड्या हाताने चाचपू नका. थर्मामीटर लावल्याशिवाय कुणी इंजेक्शन भरू नये. गायीचं नेहमीचं तापमान १०१.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं.

पशुधन सहायक (सांगे)
डॉक्टरांच्या मजकुराला पुरवणी: औषधाआधी रक्ताची काच, म्हणजे तपासणीसाठी काचपट्टीवर रक्ताचा थर. कानाच्या कडेचे केस कापायचे, स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायचं, सुईने टोचून आलेला पहिला थेंब काचेवर घ्यायचा. बबेसिया बारीक केशवाहिन्यांत जास्त सापडतो, म्हणून पहिला. दुसऱ्या काचेच्या कडेने थेंब ओढून पातळ थर करायचा. टोकाला जिभेसारखा निमुळता झाला तर बरोबर, जाड राहिला तर काही दिसणार नाही.

पावसाळ्यात काच हवेत वाळतच नाही. पंख्याखाली धरा किंवा वहीने वारा घाला. उघडी ठेवली तर माश्या आणि मुंग्या रक्त चाटून नेतात आणि प्रयोगशाळेत नुसती भोकं पोचतात. वाळल्यावर जनावराचा बिल्ला नंबर पेन्सिलीने लिहायचा, मग मिथेनॉलमध्ये दोन मिनिटं. पेनची शाई मिथेनॉलने जाते. सोबत ईडीटीएच्या (रक्त साकळू न देणाऱ्या) नळीत थोडं रक्त, बर्फाजवळ पण गोठू न देता.

दोन दिवस टेट्रासायक्लिन देऊन झाल्यावर काच काढली आणि अहवाल स्वच्छ आला तर त्याचा अर्थ 'रोग नाही' असा नसतो. उलटंही खरं: बऱ्या झालेल्या गायीच्या रक्तात थोडे जंतू राहतात. त्यामुळे काचेत दोन ठिपके दिसले म्हणजे आजचा ताप त्याचाच असं नाही. गाठ, पापणी आणि काच, तिन्ही मिळून निदान.

कुळागरवाला (फोंडा)
सरकारच्या कामधेनू योजनेत बाहेरच्या राज्यातून जनावर आणतात, त्यातली बरीच पहिल्या महिन्यातच तापतात. ती आजारी आणली जातात की इथे येऊन?

निवृत्त पशुवैद्य (डिचोली)
दोन्ही शक्य. ट्रकमधला ताण, बदललेला चारा, त्यात गाय व्यायला आलेली. शरीरात दबून असलेला जंतू डोकं वर काढतो. किंवा तिने कधी न पाहिलेला जंतू इथल्या गोचिडीकडून मिळतो. एचएफ (होल्स्टीन) आणि जर्सी या विदेशी रक्ताला गोचीडताप जड जातो. आपली गावठी श्वेतकपिला गाय त्या मानाने सोसते, दूध कमी असलं तरी. नवी गाय आणल्यावर तीन आठवडे वेगळी बांधा, पहिल्याच दिवशी अंगावरच्या गोचिडी काढा आणि रोज सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहा. चढायला लागलं की त्याच दिवशी काच.

लस आहे, गोचीडतापाच्या थायलेरिया अन्युलाटा या जंतूविरुद्ध. पण ती जिवंत असते, द्रव नायट्रोजनच्या डब्यातून आणावी लागते आणि वितळल्यावर लगेच टोचावी लागते. दुकानाच्या फ्रिजमधून कुणी देत असेल तर घेऊ नका. दक्षिणेत सापडणाऱ्या थायलेरिया ओरिएंटॅलिसवर ती चालत नाही, आणि बबेसियावर तर नाहीच.

सत्तरीकर (वाळपई)
थोडं विषयांतर, पण सत्तरीत राहून हे न सांगणं बरोबर नाही. माकडताप. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला विषाणू २०१५ पासून सत्तरीत माणसांना होतोय. पसरवणारी गोचीड वेगळी, रानातली, हिमॅफायसॅलिस. तिची पिल्लं चावतात डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा हंगाम. खसखशीएवढी असते, दिसतसुद्धा नाही.

गुरांना हा ताप येत नाही. पण रानात चरून आलेलं गुरू मोठ्या गोचिडीला रक्त पाजतं आणि तिला घराजवळ आणतं. त्यात आपण पातेरो गोळा करून गोठ्यात अंथरतो. हंगामात रानातला पालापाचोळा आणू नये, त्याऐवजी पेंढा किंवा नारळाची सोडणं. काजूचे बोंडू गोळा करायला जाताना पायमोजे पॅन्टवर ओढायचे, उघड्या अंगाला डेपा तेल (गोचीड दूर ठेवणारं) लावायचं, परतल्यावर कपडे गरम पाण्यात. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं.

माणकुली (पेडणे)
आणि गोचीड नखाने चिरडायची खोड सोडा. चिमट्याने तोंडाजवळ धरून सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. भरलेली मादी नुसती अंगणात फेकली तर तिथेच अंडी घालते.

काजूबाग (काणकोण)
आयव्हरमेक्टिनचं डॉक्टरांनी नुसतं नाव घेतलं, पुढे कोणी बोललं नाही. एक टोचणी आणि काम झालं ना?

पशुधन सहायक (सांगे)
दुभत्या गायीला नको, ते दुधात उतरतं. भाकड गाय आणि कालवडींना ५० किलोला १ मिली, कातडीखाली. शेणातूनही बाहेर पडतं, शेणकिडे मरतात, मग शेण आठवडेच्या आठवडे तसंच पडून राहतं. वजन डोळ्यांनी ठरवू नका, छातीचा घेर टेपने मोजा.

गोठा आणि गणित (डिचोली)
आता मूळ प्रश्नाकडे. कुळागरवालेबाब, पहिला मजकूर पुन्हा वाचला. टोपण ५ मिलीचं धरलं तर अडीच टोपणं म्हणजे साडेबारा मिली. १६ लिटरला लागतं लिटरमागे २ मिली, म्हणजे ३२. सहा लिटर तीन गायींत, म्हणजे गायीला २ लिटर. वयस्क गायीला निदान ४ लागतात, केसांच्या उलट दिशेने, कान, गळ्याची पोळी, जांघ, कासेच्या मागे, शेपटीखाली. गायीवर पडायला हवं होतं ८ मिली औषध, पडलं दीड मिलीच्या आसपास. पाचवा हिस्सा. गोचीड मरायला अपुरं, सरावायला पुरेपूर.

औषध खरंच बोथट झालंय का ते असं बघा. भरलेल्या मोठ्या वीस माद्या अलगद काढा. दहा योग्य प्रमाणाच्या द्रावणात दोन मिनिटं बुडवा, दहा साध्या पाण्यात. टिपकागदावर सुकवून भोकं पाडलेल्या दोन डब्यांत सावलीत ठेवा. आठ-दहा दिवसांनी पाण्यातल्यांखाली तपकिरी अंड्यांचा ढीग असेलच. औषधातल्यांखालीही तसाच असेल तर ते औषध बंद. बघून झालं की दोन्ही डब्यांत उकळतं पाणी ओता.

निवृत्त पशुवैद्य (डिचोली)
गणित बरोबर, पण सर्वांच्या नजरेतून एक गोष्ट निसटली, माझ्याही. चुना! डेल्टामेथ्रिन अल्कलीत फुटतं. ओल्या चुन्याच्या भिंतीवर त्याच दिवशी मारलेलं औषध फार काळ जिवंत राहत नाही. चुन्यातच मिसळून मारणारेही आहेत, ते तर पैसे बादलीत टाकतात. म्हणजे भिंतीवर औषध नव्हतंच, आणि गायीवर पाचवा हिस्सा.

ॲमिट्राझ उलट आहे, आम्लात फुटतं आणि चुन्यात टिकतं. मोठ्या डुबकी-हौदांत त्यासाठी मुद्दाम चुना घालतात. तेव्हा चुना लावलेल्या भिंतीला ॲमिट्राझ. गोठ्यासाठीचं प्रमाण लेबलवर वेगळं, अंगापेक्षा जास्त असतं, ते बघून घ्या. कालवलेलं त्याच दिवशी संपवा. आणि पावसाची उघडीप बघून सकाळी दहाच्या पुढे, अंग वाळायला चार-पाच तास मिळतील अशी.

कुळागरवाला (फोंडा)
चुन्याचं डोक्यातच आलं नव्हतं. वीस माद्यांची परीक्षा याच आठवड्यात करून इथे लिहितो. एक शेवटचं: काजूत तणनाशक मारायचा पंप धुऊन वापरला तर चालेल ना?

पशुधन सहायक (सांगे)
नाही. नळीत आणि वॉशरखाली अंश राहतोच, कितीही धुवा. गायीचा पंप वेगळा घ्या आणि तैलरंगाने वर 'गाय' लिहा, गडी बदलला तरी घोटाळा होणार नाही. सोबत १० मिलीची सुई नसलेली सिरिंज दोरीने बांधून ठेवा, मोजायला.

कुळागरवाला (फोंडा)
बरं. टोपणं फेकली. देव बरें करूं.

बोंडू (सांगे)
पंपावर 'गाय' लिहिताना दुसऱ्यावर 'तण' लिहायला विसरू नका. नाहीतर गडी म्हणेल, पक्ष कुठला ते लिहिलेलंच नव्हतं.